खालच्या मजल्यावरचे दिपोटी

"आणि बाकीची?"

कुठलीही चांगली बातमी कानावर आली, की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि हा प्रश्न विचारायचे. आमच्या इमारतीतल्या दोन मुलांना पोहण्याच्या वर्गात जागा मिळाली, असं मी एकदा जिन्यात हौसेनं सांगितलं. "वा, छान. आणि बाकीची?" बाल्कनीतल्या कुंडीत टोमॅटोची पाच रोपं उगवली म्हटलं, तरी तेच. पाकिटात बिया पाचापेक्षा जास्त असतात हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षी मला हा म्हातारा खडूस वाटला. तुमच्याही शेजारी असं कुणी राहत असेल, तर तुम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं असेल.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनपासून बसने वीस मिनिटांवरच्या गावात आम्ही राहतो. नवरा, अभिजित, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी घरून सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते. माझ्या सासूबाईंच्या मते या कामासाठी मला वेगळं शिकायची गरजच नव्हती. हे आजोबा आमच्या अगदी खाली, तळमजल्यावर, एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पार उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात. निवृत्त होण्याआधी ते शुलराट होते, म्हणजे सरकारी शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. त्याच्याही आधी आमच्याच गावातल्या स्टेशनजवळच्या शाळेत मास्तर. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात ते दिपोटी होते, आणि हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं.

सासूबाई वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होत्या, सगळी नोकरी तिथेच. पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा मी सहज म्हणाले, की खालचे आजोबा शाळा तपासायचे. झालं. "अगंबाई, दिपोटी!" असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला, जणू तपासणी उद्याच होती. त्यांच्या लहानपणी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, येणार म्हटलं की अंगण सारवलं जायचं, पोरांची नखं कापली जायची, आणि साहेबांच्या जेवणाची सोय कुणाकडे यावरून गावात रुसवे व्हायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोह्यांची बशी घेऊन खाली गेल्या. दिपोटींनी पोहे खाल्ले. कढीपत्ताही खाल्ला, मिरच्याही खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी बशी रिकामी केली, कारण पाहुण्यानं वाढलेलं टाकायचं नसतं अशी त्यांची समजूत होती.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमचा ईशान तेव्हा दुसरीत होता. गणित त्याला यायचं, सायकलची साखळी तो माझ्याआधी बसवायचा, पण वाचायला बसला की अक्षरं त्याच्याशी फटकून वागायची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये, आणि ती जर्मनही कागदावर आली की अडायची. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे नेणारी शाळा कुणाला, मधली कुणाला आणि शेवटची कुणाला, याची शिफारस बाई करतात. ईशानच्या बाई भल्या होत्या. त्यांनी पालकसभेनंतर मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की मनाची तयारी ठेवा. आमच्यासारख्या घरात मुलगा इंजिनिअर होणार नाही हे तो आठ वर्षांचा असताना कुणी सुचवलं, तर सुतक पाळायचंच तेवढं बाकी राहतं. अभिजितने त्या संध्याकाळी सायकल दोनदा धुतली.

सगळ्यांना एकत्र शिकवणाऱ्या सरकारी शाळाही या राज्यात आहेत, पण आमच्या बाजूला एकही नव्हती. मग आम्ही पाच घरांनी ठरवलं, की अशी शाळा आपणच काढायची, पाचवी ते दहावी, कुणाची प्रतवारी न करता. पाचांतलं एक घर आमचं, एक पुण्याच्या मधुराचं, तिची मुलगी ईशानच्याच वर्गात, आणि तीन जर्मन घरं. इथे कायदा असं करू देतो. सरकार बघतं, की तुमची शाळा सरकारी शाळेहून कमी नाही ना, शिक्षक शिकलेले आहेत ना. मग परवानगी देतं, आणि सुरुवातीची वर्षं तुम्ही तग धरलात तर पुढे खर्चाचा मोठा भागही उचलतं. बांधावरच्या झाडासारखी शाळा, दोन्ही शेतांची थोडी थोडी.

एक हिवाळा खर्चून आम्ही अर्ज आणि शाळेचा आराखडा तयार केला. तक्ते मी केले, चित्रं मधुराने. एका शनिवारी आम्ही दोघी ती चोपडी घेऊन दिपोटींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की त्यांचा या प्रकाराला विरोध आहे. चाळीस वर्षं ते सरकारी शाळेचं मीठ खात होते. ज्याला पटत नाही तो आपली शाळा काढायला लागला, तर शेवटी सगळ्यांची अशी एकही शाळा उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मधुराचा चेहरा पडला. मग त्यांनी हात पुढे केला.

"बरं, द्या इकडे. माझा विरोध आहे म्हणून वाईट अर्ज जावा असं थोडंच आहे?"

वाचता वाचता ते एका पानाशी थांबले. ते पान प्रवेश अर्जाचं होतं आणि ते मधुराने भाच्याच्या पुण्यातल्या शाळेचा अर्ज समोर ठेवून केलं होतं. आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण, दोघांचा हुद्दा, घरात बोलली जाणारी भाषा, आणि शेवटी आई-वडिलांची एकत्र मुलाखत. आम्हाला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. पुण्यात बालवाडीच्या मुलाखतीसाठी बाप टाय लावून जातो, हे आम्ही बघतच मोठे झालो. दिपोटींनी ते पान दोनदा वाचलं.

"म्हणजे मुलांची प्रतवारी थांबवायला निघालात," ते म्हणाले, "आणि आई-बापांची सुरू केलीत."

मधुरा म्हणाली, की हे फक्त ओळख व्हावी म्हणून. त्यावर त्यांनी विचारलं, की स्टेशनवरच्या बेकरीत पहाटे चारला कामाला लागणारी बाई तुमच्या मुलाखतीत काय बोलेल आणि किती वाजता येईल. आई-बापांच्या ऐपतीवरून मुलं निवडता येत नाहीत, हे इथल्या कायद्यातच आहे, आमचा अर्ज त्या पानावरच आपटला असता. पण त्यांना कायद्याचं वाईट वाटलं नव्हतं. आपल्या मुलाला चाळणीत घालू नका म्हणून भांडणारी माणसं दुसरी चाळणी घेऊन आली, याचं वाटलं होतं. मधुराने ते पान काढून चार घड्या घालून पर्समध्ये टाकलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर ते दर शनिवारी वर यायला लागले. बरोबर दहा वाजता एकदाच घंटी, हातात कागदी पिशवीत गरम ब्रेत्सेल, म्हणजे इथला पिळाचा खारा पाव. माझा आल्याचा चहा ते औषधासारखा प्यायचे आणि दुसरा कप मागायचे. आमच्यासाठी एक वाक्यसुद्धा त्यांनी कधी लिहून दिलं नाही. पेन्सिलीने समासात बारीक खुणा करायचे, आणि त्या खुणेचा अर्थ काय हे आम्ही शोधायचं. पुष्कळदा मला त्याचा राग यायचा. जे दिसतंय ते सरळ सांगायला काय होतं या माणसाला, असं मी अभिजितकडे धुसफुसायची, आणि रविवारी सकाळी उठून ते वाक्य नव्याने लिहायची.

शाळांची धोरणं कशी होतात हे मी त्या शनिवारांत शिकले, आणि तेही टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. एकदा त्यांनी आपण नाकारलेल्या एका अर्जाची गोष्ट सांगितली. गावाबाहेरच्या जुन्या शेतघरात एका जोडप्याला शाळा काढायची होती. लहानमोठी मुलं एकाच वर्गात बसवायची, मार्क द्यायचे नाहीत. यांनी परवानगी नाकारली. जिना अरुंद होता, एका शिक्षकाचं प्रमाणपत्र अपुरं होतं, आराखडा ढिसाळ होता. सगळी कारणं बरोबर होती, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. काही वर्षांनी सरकारचंच परिपत्रक आलं, की लहान शाळांनी वेगवेगळ्या इयत्ता एकत्र बसवायला हरकत नाही. ते परिपत्रक गावोगाव समजावून सांगायचं काम यांच्याकडेच आलं.

"मी त्या दोघांना पत्र लिहिलं," ते म्हणाले. "उत्तर आलं नाही. मी तरी कुठे दिलं असतं?"

धोरण वरून येतं असं कागदावर दिसतं, पण ते खालून वर चढतं, असं त्यांचं मत. कुणीतरी हट्टी माणूस मागतो, त्याला नाही म्हणतात. तो परत मागतो. एखादा थकलेला अधिकारी अपवाद म्हणून सही करतो. असे अपवाद साठले की त्यांची सवय होते, आणि सवय झाली की कुणीतरी तिचं परिपत्रक काढतो. हे सांगताना ते बोटं मोजत होते आणि अंगठ्याशी पोचल्यावर हसले. हट्टी माणसं आवडत नसूनही ते आमच्या स्वयंपाकघरात का बसतात, हे मला त्या दिवशी थोडं कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई परत आल्या आणि त्या शनिवारच्या बैठकीत सामील झाल्या. त्यांना जर्मन येत नाही, इंग्रजी बेताचं, आणि सुनेनं भाषांतर केलेलं त्यांना खरं वाटत नाही. म्हणून दुभाष्याचं काम ईशानकडे आलं. आजीचं मराठी त्याच्याकडून जर्मनमध्ये सुरळीत जायचं. उलट दिशेचा रस्ता मात्र बंद होता. दिपोटींचं जर्मन तो आजीला जर्मनमध्येच, जरा मोठ्या आवाजात परत सांगायचा. दोघांचं त्यावरही भागायचं. एकदा सासूबाईंनी सांगितलं, की जून महिना आला की त्या वस्तीवस्तीवर फिरून पोरं गोळा करायच्या, कारण पट कमी झाला की शाळेला कुलूप लागतं. हे ईशानने सांगितल्यावर दिपोटींनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, की स्टेशनजवळच्या शाळेत ते मास्तर झाले तेव्हा वर्गात बाकं पुरत नव्हती, आणि आता पाचवीला मुलं भरतील की नाही याची दरवर्षी धाकधूक असते. ती इथली शेवटच्या प्रतीची शाळा. बाहेरून आलेल्यांची मुलं बहुतेक तिथेच जातात. आपल्या मुलांच्या शिफारशीत तिचं नाव येऊ नये म्हणून आम्ही नवी शाळा काढत होतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"वर्षा, तुमच्या शाळेपायी त्या शाळेचा पट तुटायला नको गं," सासूबाई मला म्हणाल्या. ईशानने ते लगेच जर्मनमध्ये सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

परवानगी मिळाली. कार्यालयातल्या बाईंनी तीनदा प्रश्न पाठवले, तीनदा आम्ही उत्तरं दिली, आणि ईशान चौथीत असताना पत्र आलं, की येत्या शरदात शाळा सुरू करता येईल. जुनी शिंपीकामाची फॅक्टरी भाड्याने घेतली. एकच काम उरलं होतं, प्रवेशाचे नियम पक्के करायचं. जागा पंचवीस, अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. आणि पहिलाच नियम होता, की शाळा काढणाऱ्या घरांतल्या मुलांना थेट प्रवेश. दिपोटींनी सगळा मसुदा वाचला आणि त्या नियमाशेजारी पेन्सिलीने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

मधुरा उसळली. मग हे आपण केलं कशासाठी, असं तिने मराठीतच मला विचारलं. दोन वर्षांचे शनिवार, रजा, नवऱ्यांच्या शिव्या, हे सगळं लोकांच्या मुलांसाठी? तिचं काही चुकत नव्हतं. दिपोटी म्हणाले, की नियम कायद्यात पूर्णपणे बसतो, असा नियम सगळेच करतात, आणि त्यांनी फक्त एक चिन्ह काढलं आहे. मग ब्रेत्सेलची रिकामी पिशवी घडी करून ते खाली गेले.

पाच घरांचं मतदान झालं. दोन नियम ठेवा म्हणणारी, दोन काढा म्हणणारी. अभिजित म्हणाला, तू ठरव. मी काढा म्हटलं. खरं सांगते, मला त्यात फार मोठा त्याग वाटला नव्हता. आम्हाला वाटत होतं, अर्ज येतील वीसेक. जागा पंचवीस. मोठेपणा फुकटात मिळत होता, म्हणून मी तो घेतला.

अर्ज साठाच्या वर आले.

सोडत गावाच्या राटहाउसमध्ये, म्हणजे पालिकेच्या इमारतीत, एका शनिवारी सकाळी झाली. चिठ्ठ्या कुणी काढायच्या यावर दुमत नव्हतं. गावात सगळ्यांचा विश्वास असलेला एकच माणूस होता. दिपोटी कोट घालून आले. एकेक चिठ्ठी उघडायचे, चष्मा नाकावर ओढायचे, नाव नीट वाचायचे. मधुराची मुलगी अकरावी निघाली. वीस झाल्या, बावीस झाल्या. ईशान माझ्या शेजारी बसून बूट हलवत होता. पंचविसावं नाव कुणा दुसऱ्याचं होतं. दिपोटींनी ते वाचलं आणि एकदा खोक्यात डोकावून पाहिलं. मग प्रतीक्षायादीच्या चिठ्ठ्या निघाल्या. ईशानचं नाव तिथे नवव्या जागी आलं.

ईशानने जर्मनमध्ये मला विचारलं, की मग तो आता कुठे जाणार. मी म्हटलं, घरी जाऊ आधी.

पण लगेच निघता येईना, कारण मी संस्थेची सचिव होते आणि लोकांना यादी समजावून सांगायची होती. प्रतीक्षायादीत पहिल्या क्रमांकावर ज्या मुलाचं नाव होतं त्याची आई कामावरून तशीच आली होती, केसांवर जाळी तशीच. तिला जर्मन फार येत नव्हतं. तिने यादीवर बोट ठेवून मला विचारलं, "म्हणजे आता नाही?" मी म्हटलं, आता नाही. तिने मान हलवली, मला धन्यवाद दिले, आणि गेली.

संध्याकाळी पाचांपैकी उरलेल्या चारही घरांचे फोन आले. मधुरा रडत होती. सगळ्यांचं एकच म्हणणं, की सव्विसावी जागा करू, ईशानला घेऊ, नियम आपणच केलाय तर आपणच बदलू. शाळा जिच्या स्वयंपाकघरात उभी राहिली तिच्याच मुलाला जागा नाही, असं कुठे असतं? फोन ठेवला तोच दारावर थाप पडली. दिपोटी होते. घंटी न वाजवता वर आले होते. चष्मा खालीच राहिला होता, त्यामुळे त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते.

"करून टाका," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "एक जागा वाढवा. कुणी काही म्हणणार नाही. मी तर नाहीच."

मी संतापले होते. दोन वर्षं मनात होतं ते सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, ते चिन्ह तुम्हीच काढलंत. ते हो म्हणाले. मी म्हटलं, आणि आता म्हणता जागा वाढवा, मग पहिल्या क्रमांकावरच्या मुलाला काय सांगू? त्याच्या आईला काय सांगू? ते खुर्चीवर बसले. टेबलावरचा मिठाचा डबा फिरवत राहिले.

"आज मला ईशानशिवाय कुणी दिसत नाहीये," ते म्हणाले.

मी त्यांना या इतक्या वर्षांत कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. माझा राग त्या वाक्याने गेला, पण मी नाही म्हटलं. तत्त्व वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. केसांवर जाळी असलेल्या त्या बाईच्या पुढून मला रांग मोडून जाता येईना, एवढंच. अभिजित आतून सगळं ऐकत होता. तो बाहेर आला, त्याने चहा टाकला आणि तीन कप भरले.

ईशान स्टेशनजवळच्या सरकारी शाळेत गेला. त्या वर्षी तिथे पाचवीचा पट कसाबसा भरला. आमची शाळा मात्र धडाक्यात सुरू झाली. सरकारी कार्यालयातल्या बाई पाहणीला आल्या, खूश झाल्या. आमच्या प्रवेशाच्या नियमाची नक्कल आणखी दोन गावांच्या अर्जांत दिसली, असंही त्यांनी सांगितलं. मी सचिव म्हणून दर महिन्याला त्या शाळेची पत्रं लिहीत होते, आणि रोज सकाळी दुसऱ्या शाळेचा डबा भरत होते. प्रतीक्षायादी सरकली, पण नवव्या जागेपर्यंत कधी आली नाही. काही दिवस मी मधुराचा फोन घेतला नाही. तिची मुलगी बसमध्ये हसून हात करायची, तेव्हा मला तिचाही राग यायचा, आणि मग स्वतःचा.

दुसऱ्याच महिन्यात दिपोटींनी स्टेशनजवळच्या शाळेत अर्ज केला. मुलांबरोबर वाचन करायला येणारे निवृत्त लोक इथे पुष्कळ शाळांना हवे असतात. तिथल्या तरुण मुख्याध्यापिकेला हे कोण ते माहीत नव्हतं. अर्जात 'शिकवण्याचा अनुभव' अशी एक ओळ होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'थोडा'. मंगळवारी आणि गुरुवारी ते काठी टेकत जायचे, वाचनालयाच्या कोपऱ्यात ईशान आणि आणखी तीन मुलांना घेऊन बसायचे. काय शिकवतात रे, असं मी ईशानला विचारलं. काही नाही, तो जर्मनमध्ये म्हणाला. आपण अडलो की ते पुढचा शब्द सांगत नाहीत, नुसते थांबतात. मला ते ऐकून समासातल्या खुणा आठवल्या आणि हसू आलं.

असं दोन वर्षं चाललं. मग त्यांचे गुडघे गेले, जिने चढणं बंद झालं, आणि मुलीने त्यांना उत्तरेला न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी मी खाली गेले. खोकी बांधून झाली होती. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः खोक्यावर बसले आणि एकदम विचारलं, "ईशानवर मी अन्याय केला का?"

मला नाही म्हणता आलं असतं. सांत्वन म्हणून कुणीही तेच म्हटलं असतं. पण या माणसापुढे दोन वर्षं वाक्यं तपासून घेतली होती, तिथे खोटं टिकलं नसतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. केला असेल तर आपण दोघांनी मिळून केला. ते "या" म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये होय, आणि पुन्हा एकदा "या". मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. सासूबाईंना नमस्कार सांगायला सांगितला, हात जोडून, मराठीत.

ते पुढच्या हिवाळ्यात तिकडेच वारले. त्यांना आमच्याच गावात, बायकोशेजारी ठेवायचं होतं. दफनाच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. वडिलांच्या आयुष्याविषयी तिने एक पान लिहिलं होतं. ते ईशानने वाचावं, असं वडील सांगून गेले होते. मी ईशानला म्हटलं, नको वाटलं तर नाही म्हण, कुणी रागावणार नाही. तो तेव्हा आठवीत होता. त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि दोन दिवस आतून पुटपुटणं ऐकू येत राहिलं.

दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनाघरात थंडी होती. जुने शिक्षक, गावातली माणसं, वाचनाच्या कोपऱ्यातली तीन मुलं, मागे मधुरा आणि तिची मुलगी. ईशान पुढे गेला, कागद दोन्ही हातांत धरला आणि सुरू झाला. जन्म, गाव, लढाईनंतरचं बालपण, पहिली नोकरी. सावकाश वाचत होता. पानाच्या मध्यावर त्यांच्या कार्यालयाचं नाव आलं, जर्मन सरकारलाच सुचेल असा एक हातभर लांब शब्द. तिथे तो थांबला. मी पहिल्या बाकावर होते. माझे ओठ आपोआप हलायला लागले आणि मी ते दाताखाली धरले. अभिजितने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कुणी खोकलं नाही. कुणी सांगितलं नाही. मुलाची जागा मी स्वतःच्या हाताने घालवली होती का, याचं उत्तर मला त्या क्षणीही मिळालं नाही, आणि मला ते फार हवं होतं. ईशानने कागद जरा जवळ घेतला. मग तो शब्द त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटला, आणि पुढची ओळ वाचायला लागला.